पत्र्याला फुटलेला घाम : एका डुकाटो व्हॅनचं प्रकरण

फेब्रुवारी २०२३. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिकजवळ आम्ही दोघांनी दोन रात्री व्हॅनमध्ये काढल्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी पांघरुणांच्या घड्या घालताना गादीचं टोक उचललं, तर खालून हात ओला झाला. आधी वाटलं पाण्याची बाटली सांडली असेल. मग गादी पूर्ण उलटी केली. मागच्या दाराकडच्या अर्ध्या भागावर मिरीएवढे काळे ठिपके पसरले होते. खालच्या प्लायवर नखाने ओरखडा काढला, तर लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं सोलवटून आलं. व्हॅन तयार होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

त्या बुरशीचं मूळ शोधायला आम्हाला महिना-दीड महिना लागला आणि काढायला पूर्ण उन्हाळा गेला. मालवाहू व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची गाडी, करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांचा एक हिवाळा तरी वाचावा म्हणून सगळं मापांसकट लिहून ठेवते आहे.

गाडी आणि एक चुकलेला हिशेब

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. २०२२ च्या जूनमध्ये कुरिअरच्या कामात वापरलेली एक फियाट डुकाटो घेतली. मधल्या लांबीची, उंच छताची. आतली लांबी ३.१२ मीटर, उंची १.९३ मीटर, रुंदी १.८७ मीटर. स्वतः कॅम्पर करणारे लोक डुकाटोकडे वळतात ते या रुंदीमुळे. तिच्या भिंती बऱ्यापैकी सरळ उभ्या आहेत, त्यामुळे पलंग आडवा टाकता येतो. पलंग आडवा बसला की लांबीतले साठ-सत्तर सेंटिमीटर वाचतात आणि तेवढ्यात अख्खा ओटा बसतो.

माझ्या नवऱ्याची उंची १७८ सेंटिमीटर. पुढचं सगळं प्रकरण या आकड्यातून निघालं, म्हणून हा हिशेब नीट सांगते.

व्हॅनचा बाहेरचा पत्रा एकसलग असतो. आतून त्याला पोकळ पट्ट्यांचा सांगाडा असतो, त्यांना सगळे रिब म्हणतात. दोन रिबांमधल्या खोलगट जागेत थंडी अडवणारं इन्सुलेशन भरायचं आणि वरून प्लाय लावायचा, अशी रीत. पण रिब स्वतः लोखंडाच्या, थेट बाहेरच्या पत्र्याला जोडलेल्या. बाहेर दोन अंश असले की त्याही तेवढ्याच गार पडतात. म्हणून रिबांवरूनही इन्सुलेशनचा एक थर द्यावा असं आम्ही ठिकठिकाणी वाचलं होतं. आमच्याकडे २५ मिलिमीटरच्या शीट होत्या. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर आणि त्यावर ६ मिलिमीटर प्लाय धरला, की १८७ चे उरतात १८०.८ सेंटिमीटर. १७८ च्या माणसाला एवढ्यात झोपता येत नाही. डोकं एका भिंतीला आणि टाचा दुसऱ्या भिंतीला टेकतात. मग आम्ही रिबांवरचा थर रद्द केला आणि ६ मिलिमीटरचा प्लाय सरळ रिबांवर स्क्रूने ठोकला. दोन्ही भिंती आणि छत मिळून १४० च्या आसपास स्क्रू गेले. रिबांच्या पोकळीत, दारांत, चाकांच्या कमानीभोवती, जिथे शीट जात नव्हती तिथे मेंढीची लोकर कोंबली.

दुसरा निर्णय छताचा. छताला ४०० बाय ४०० मिलिमीटरचं भोक पाडून पंखा बसवायचा होता. धडक्या गाडीच्या छतावर करवत चालवायची हिंमत होईना, म्हणून ते काम 'पुढच्या वर्षी'वर ढकललं. एका बाजूला खिडकी मात्र कापली. गॅसची दोन बर्नरची शेगडी बसवली आणि कॅम्पसाइटवर विजेची जोडणी मिळते म्हणून छोटा हीटर ठेवला. ऑक्टोबरात गाडी तयार झाली. दिसायला सुरेख होती. कोल्हापुरी मिरचीच्या रंगाचे पडदे मी स्वतः शिवले होते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. इथे लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, 'मोटर कॅराव्हॅन' अशी नोंद हवी असेल तर डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याच्या, अटी आहेत: किमान १.८ मीटरचा पलंग, पक्की बसवलेली शेगडी, बैठक आणि टेबल, एका बाजूला किमान दोन खिडक्या, शिवाय बाहेरूनही गाडी कॅम्परसारखी दिसायला हवी. आम्ही तो अर्ज केला नाही. गाडी कागदावर व्हॅनच आहे, म्हणून दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही ताशी ५० मैलांच्या वर जात नाही. विमा कंपनीला मात्र प्रत्येक बदल फोटोंसकट कळवला. ती गोष्ट कुणीही टाळू नये.

चुकीचा चोर

केझिकहून परतल्यावर पहिला संशय अर्थातच पावसावर गेला. यॉर्कशरमध्ये राहून दुसरा संशय येतही नाही. नवऱ्याने बागेचा पाइप घेऊन एकेका जागेवर वीस वीस मिनिटं पाणी मारलं. मी आत बॅटरी आणि कोरडे टिश्यू घेऊन बसले. खिडकी कोरडी, छताच्या शिवणी कोरड्या. मागच्या दारांच्या वर जो तिसरा ब्रेकलाइट असतो, त्याच्या रबराखालून थेंब आला. हळूहळू, पण आला. आम्हाला इतकं हायसं वाटलं! नवं रबर आणलं, सीलंट लावलं, गादी धुऊन वाळवली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिटबीला गेलो. दोन्ही दिवस कडकडीत थंडी होती, पाऊस मुळीच नव्हता.

सकाळी गादी पुन्हा ओली.

पाणी आमच्याबरोबर आतच प्रवास करत होतं, हे तिथे उमगलं. ब्रेकलाइटचा थेंब खरा होता, पण तो चोर नव्हता. तो सापडला म्हणून आम्ही शोध थांबवला. आमचा एक महिना त्यात गेला.

बाबा आणि दाभण

मार्चच्या मध्याला बाबा पुण्याहून आले. त्यांचं अख्खं आयुष्य एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बसची बॉडी बांधण्यात गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही गाडीत चढताना त्यांचा हात आधी दाराच्या चौकटीवरून फिरतो. मी त्यांना ठिपके दाखवले. ते काही बोलले नाहीत. खाली वाकले आणि सरकत्या दाराच्या उंबऱ्याखालून, गाडीच्या पोटाकडून बोटं फिरवत गेले.

"इथे भोकं असतात गं. चार-पाच तरी. लागत का नाहीयेत?"

"असतील बाबा, मी कधी बघितली नाहीत."

"दाभण आहे का घरात?"

दाभण नव्हतं. सायकलच्या चाकाची जुनी तार दिली. गुडघ्याखाली पुठ्ठा घेऊन ते ड्राइव्हवेवर आडवे झाले आणि उंबऱ्याच्या तळाशी तार खुपसून फिरवू लागले. आधी मातकट गोळा आला. मग राखाडी, ओल्या लोकरीची एक वात बाहेर आली. तिच्यामागून पाणी सुटलं. थेंब थेंब नव्हे, चांगली करंगळीएवढी धार, तांबूस रंगाची. पुठ्ठा भिजला, बाबांची बाही भिजली. त्यांनी हात काढला नाही. धार संपेपर्यंत तार तशीच धरून ठेवली आणि मग पुढच्या भोकाकडे सरकले.

दुपारपर्यंत आम्ही उजव्या भिंतीचा प्लाय उतरवला. प्रत्येक स्क्रूचं टोक गंजलेलं होतं आणि त्याभोवती प्लायच्या मागे चहाच्या डागासारखं वर्तुळ उमटलं होतं. रिब जिथून गेली होती, बरोबर त्या रेषेत बुरशीचा पट्टा. रुळाने आखल्यासारखा सरळ. दोन रिबांच्या मधे, जिथे शीट घट्ट बसली होती, तिथे पत्रा बऱ्यापैकी कोरडा होता. शीट आणि पत्र्यात बोटभर फट राहिली होती तिथे मात्र पाण्याचे ओघळ. खिडकी कापताना उडालेला लोखंडाचा कीस आम्ही झाडला होता असं वाटत होतं. तो रिबेच्या तळाशी साचून गंजाची ढेप झाला होता.

"पत्र्याला घाम आलाय," बाबा म्हणाले. "पावसाचं पाणी नव्हे हे, तुमच्या दोघांचं आहे. काय भरलंयस यात?"

"लोकर. ओल शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते, म्हणून घेतली."

"सोडेल, पण सोडायला वाट कुठे ठेवलीयेस? पुढे प्लाय, मागे पत्रा, खाली भोकं बुजलेली."

मग त्यांनी बसचं सांगितलं. बसच्या बॉडीत पाणी शिरणार हे गृहीतच धरलेलं असतं. म्हणून पोकळीच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवायची आणि ती कधीही बुजू द्यायची नाहीत. आमच्या डुकाटोलाही कारखान्यातून ती सोय होती. लोकर कोंबताना आम्हीच ती बुजवली होती. मला फार वाईट वाटलं. बाबांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला आणि जेवायला काय आहे असं विचारलं.

पाणी येतं कुठून

त्या रात्री मी हिशेब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता, सगळी माहिती शाळेतल्या पुस्तकातली आहे.

आमच्या व्हॅनच्या मागच्या भागात साडेअकरा घनमीटर हवा मावते. १८ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १५ ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते. म्हणजे भरून भरून अख्ख्या गाडीच्या हवेत पावणेदोनशे ग्रॅम पाणी, एक पेलाभर. त्याहून जास्त वाफ आली की तिला कुठेतरी पाणी होऊन बसावंच लागतं, आणि ती बसते सगळ्यात गार जागी.

आता आवक बघा. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं. १०० ग्रॅम गॅस जाळला की १६० ग्रॅमच्या वर पाणी हवेत जातं. एक मध्यम बर्नर तासभर चालला तर १३० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या वर पाणी. एका स्वयंपाकात गाडी भरली. ही नुसत्या ज्योतीची वाफ, भांड्यातली वेगळी. आणि आमचं जेवण म्हणजे वरण-भात. कुकरच्या तीन शिट्ट्या, मग फोडणी, मग उकळी. दुधाचा चहा तर दिवसातून चारदा. कॅम्परवर लिहिणारे बहुतेक लोक टोस्ट आणि पास्त्यावर भागवतात, त्यांचे अंदाज आपल्या स्वयंपाकाला पुरे पडत नाहीत. वर दोन माणसांचा रात्रभराचा श्वास आणि घाम, अर्ध्या लिटरच्या आसपास.

छताला पंखा नाही, थंडी म्हणून खिडकी बंद. १८ अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असली, तर दवबिंदू तापमान साडेतेरा अंशांच्या घरात येतं. साडेतेरापेक्षा गार असलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी धरणार. आमच्या उघड्या रिबा आणि १४० स्क्रूची टोकं रात्री दोन-तीन अंशांवर होती. गादीचंही तेच. सपाट प्लायवर गादी, वरून अंगाची ऊब, खालून गार सामानाचा कप्पा. श्वास घ्यायला जागा नाही.

रुंदीच्या हिशेबातली चूक त्याच रात्री कळली. आम्ही २५ मिलिमीटर नाहीतर काहीच नाही, असा विचार केला होता. खरं तर रिबेवर ६ मिलिमीटर फोम असता तरी आतल्या दमट हवेचा आणि लोखंडाचा थेट संबंध तुटला असता. ६ फोम आणि ६ प्लाय, दोन्ही बाजू मिळून २४ मिलिमीटर. १८४.६ सेंटिमीटर उरले असते. नवरा आरामात झोपला असता.

पुन्हा पहिल्यापासून

सगळं उतरवलं. ओटा, पलंग, छत, जमीन. सात वीकेंड आणि सहाशे पौंडांच्या आसपास खर्च. बाबा सप्टेंबरपर्यंत होते, त्यामुळे सात वीकेंडांत झालं. आम्ही दोघंच असतो तर दिवाळी आली असती.

गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, गंजरोधक रसायन, जस्ताचा प्रायमर, वर रंग. उंबऱ्याच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं. मेण थिजण्याआधी बाबांनी प्रत्येक भोकात पुन्हा तार फिरवून घेतली. लोखंडाच्या किसासाठी व्हॅक्यूम फिरवला, त्यानंतर चुंबक फडक्यात गुंडाळून प्रत्येक रिबेच्या तळाशी फिरवलं. व्हॅक्यूम झाल्यावरही चुंबकाला मूठभर कीस आला.

इन्सुलेशनसाठी या वेळी मागून चिकट असलेला, बंद छिद्रांचा रबर फोम वापरला. खोलगट भागात १९ मिलिमीटरचे दोन थर, रिबांवर ६ मिलिमीटरचा एक. हा फोम स्वतःच वाफेला अडवतो, पण एका अटीवर: तो पत्र्याला पूर्ण चिकटलेला हवा. पत्रा आधी स्पिरिटने पुसायचा, गार दिवशी काम करायचं नाही आणि एका टोकापासून रोलरने दाबत जायचं. पोळी लाटताना हवेचा फुगा पुढे ढकलतो तसं. जोडांवर त्याच फोमची पट्टी. रिबांची पोकळी मुद्दाम रिकामी ठेवली. तिथे काही भरायचं नाही यावर बाबा ठाम होते आणि त्यांचं बरोबर होतं. पाण्याला खाली उतरायची तीच वाट आहे.

प्लायला स्क्रू १४० वरून ४० वर आणले. पत्र्यात आतून आटे पाडलेल्या धातूच्या रिव्हेट बसवल्या, त्यात बोल्ट आणि बोल्टखाली नायलॉनचं वॉशर. फर्निचरचा जुना १८ मिलिमीटरचा बर्च प्लायही बदलला. त्याची आठ बाय चारची एक शीट ३६ किलोच्या आसपास भरते, १२ मिलिमीटरची पॉप्लर त्याच्या निम्म्याहून कमी. या गाडीची एकूण मर्यादा ३,५०० किलो आहे. पाणी, गॅस, बॅटरी, माणसं हे सगळं त्यातच बसवायचं असतं.

आणि छत कापलं. चार कोपऱ्यांना भोकं, मग जिगसॉ. खाली नवरा दोन्ही हातांनी चादर धरून उभा, एकही कण आत पडू नये म्हणून. कापलेल्या कडेला लगेच प्रायमर, दोन हात. पंखा बरोबर शेगडीच्या वर बसवला. नुसता पंखा पुरत नाही, बाहेर जाणाऱ्या हवेइतकी आत यायला वाट लागते. ती ओट्याच्या विरुद्ध बाजूला, जमिनीलगत ठेवली. शिजवताना पंखा बाहेर फेकतो आणि बाजूची खिडकी दोन बोटं उघडी असते. गॅसच्या टाकीचा कप्पा पहिल्यापासूनच बंदिस्त होता. तळाला बाहेर उघडणारं भोकही होतं, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. बाबांनी सगळ्यात आधी ते तपासलं होतं.

उबेसाठी दोन किलोवॉटचा डिझेल हीटर आणला. तो ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, त्यामुळे आत वाफेची भर पडत नाही. गॅसची शेगडी उबेसाठी पेटवून ठेवू नये, हे इथे ठळकपणे सांगते. ओल तर वाढतेच, कार्बन मोनॉक्साइडने जीवही जातो. त्याचा अलार्म आमच्या उशाशी आहे. गादीखाली आता लाकडी पट्ट्या आणि त्यावर प्लास्टिकची उंच जाळी आहे. कुकर आम्ही आपोआप उतरू देतो, शिट्टी उचलून वाफ सोडत नाही.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर बघून पिंपरीच्या मावसभावाला मालवाहू ईको घेऊन असंच करावंसं वाटतंय. त्याला मी आधी आरटीओत जायला सांगितलं. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत मागे माणसं नेणं हा तर वेगळाच गुन्हा. पलंगाचं माप त्यानंतर.

त्यानंतरचा हिवाळा

डिसेंबर २०२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये ग्लेन्कोला गेलो. बाहेर उणे तीन. झोपताना आर्द्रतामापक ५८ टक्के, पहाटे ६४. पहिल्या हिवाळ्यात तो मी विकतच घेतला नव्हता. पंखा रात्रभर सगळ्यात कमी वेगावर चालू. गादी कोरडी, भिंती कोरड्या. पुढच्या काचेवर मात्र सकाळी भरपूर पाणी होतं, कारण ती एकेरी काच आहे. तिला आतून जाड पडदा लावतो आणि सकाळी पुसतो. मागच्या दारांच्या कड्यांजवळही थोडी ओल धरते. तिथे फोम बसवायला जागाच नाही. ते पूर्ण सुटलेलं नाही.

बाबांनी जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या प्लायमध्ये, उंबऱ्याच्या अगदी वर, हात जाईल एवढ्या दोन झडपा करून दिल्या. चार स्क्रू काढले की आतली पोकळी दिसते. महिन्यातून एकदा मी त्या उघडते, बॅटरीच्या उजेडात फोटो काढते आणि पुण्याला पाठवते. परवाच्या फोटोवर त्यांनी लाल गोल काढून परत पाठवलंय: मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या बोल्टवर जे दिसतंय, तो गंज आहे की सावली? मी फोटो मोठा करून दहा मिनिटं बघितला, मला सांगता येईना. शनिवारी झडप उघडून बोट लावून बघणार आहे.